जोडीने धावा, पण आधी छाती दाबायला शिका

थंडी पडू लागली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटेची वर्दळ वाढते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली तर वर्षभर पळतच असतात. त्यांच्या जोडीला आता चाळिशी-पन्नाशीतली माणसेही दिसू लागली आहेत. शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, द्राक्षे आणि टोमॅटो पिकवणारे बागायतदार. पायात नवे बूट, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, मागे-पुढे दोन-चार मित्र आणि बऱ्याचदा सोबत बायको किंवा नवरा. लक्ष्य एकच असते: हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर.

हे वेड शहरातून आले. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे, मुंबईची २००४ मध्ये सुरू झाली. साताऱ्याची यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जाणारी हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, आणि त्यानंतर राज्यात तालुक्याच्या गावांपर्यंत अशा स्पर्धा पोहोचल्या. पुणे जिल्ह्याला मात्र धावण्याची आणखी एक आठवण आहे. सुमारे दशकभरापूर्वी बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. आजारी नवऱ्याच्या एमआरआय तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

त्या नवऱ्याच्या उपचारासाठी धावल्या. आज जी जोडपी एकत्र धावत आहेत ती, उपचाराची वेळच येऊ नये म्हणून. हा बदल चांगलाच आहे. पण तो नीट पचवायचा असेल तर तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. धावण्याने खरोखर किती फायदा होतो? त्यात धोका किती? आणि उसाच्या शेतांनी वेढलेल्या, बिबट्यांचा वावर असलेल्या या दोन तालुक्यांत धावायचे तर कसे आणि कधी?

शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?

गावाकडे धावणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शेतीतील बरीच कामे आता ट्रॅक्टर, ठिबक आणि पंपावर गेली. मळ्यात जायलाही दुचाकी लागते. उरलेली कष्टाची कामे वाकून, उकिडवे बसून, ओझे उचलून करायची. त्यांत पाठ आणि गुडघे झिजतात, पण हृदयाचे ठोके अर्धा तास सलग वाढलेले राहतील असे काम थोडेच असते. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. फावल्या वेळातील व्यायामाने हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण कमी झालेले दिसले, तर कामावरच्या अंगमेहनतीने ते कमी झाले नाही, उलट वाढलेले आढळले. दिवसभर विश्रांतीविना राबणे आणि ठरवून, मोकळ्या मनाने अर्धा तास धावणे या शरीरासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थात जी बाई दिवसभर खुरपणी करून घरी येते तिला धावण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. तिला आधी विश्रांती आणि पुरेसे अन्न हवे.

बाकीच्यांची स्थिती वेगळी आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणानुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांच्या शरीराची पुरेशी हालचाल होत नाही. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. ही पाहणी शहरांपुरती नव्हती, तीत खेडीही होती.

धावण्याचा फायदा मोजण्यासाठी अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक लोकांवर सरासरी १५ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. धावणाऱ्यांत कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते. त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रोज पाच-दहा मिनिटे, तेही सावकाश धावणाऱ्यांनाही मोठा फायदा मिळाला. म्हणजे आरोग्यासाठी हाफ मॅरेथॉनची गरजच नाही. २१ किलोमीटर हे ध्येय म्हणून चांगले, कारण ते माणसाला तीन-चार महिने सरावाला बांधून ठेवते. औषध असते ते सरावात, पदकात नाही.

‘धावून गुडघे जातात’ ही भीतीही तपासून घ्यावी. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या विश्लेषणात हौशी धावपटूंपैकी साडेतीन टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली, बैठे जीवन जगणाऱ्यांत दहा टक्क्यांना. स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षे धावणाऱ्यांत मात्र ती १३ टक्क्यांवर गेली होती. थोडक्यात, गुडघ्यांना चालते ठेवणे चांगले, अतिरेक वाईट.

एकाच ताटातले आजार

नवरा-बायकोने एकत्र धावण्याला वैद्यकीय कारण आहे. आजार नुसते रक्तातून येत नाहीत, ते स्वयंपाकघरातूनही येतात. घरात मीठ एक, तेल एक, झोपायची वेळ एक, चिंता एक. लोणचे, पापड आणि ठेचा दोघांच्याही ताटात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार देशांच्या अभ्यासात भारतातील मध्यमवयीन आणि वृद्ध जोडप्यांपैकी जवळपास दर पाचव्या जोडप्यात दोघांनाही उच्च रक्तदाब होता. नवऱ्याला रक्तदाब असेल तर बायकोलाही तो असण्याची शक्यता १९ टक्क्यांनी जास्त आढळली. एकाची चिठ्ठी हातात पडली की दुसऱ्याचीही तपासणी करावी, असा याचा साधा अर्थ.

चांगल्या सवयीही अशाच पसरतात. इंग्लंडमध्ये ३,७०० हून अधिक जोडप्यांचा अभ्यास झाला. आधी हालचाल न करणाऱ्या पुरुषांपैकी, बायकोनेही व्यायाम सुरू केला तेव्हा ६७ टक्के पुरुष सक्रिय झाले. बायको बसूनच राहिली तेव्हा फक्त २६ टक्के. स्त्रियांचे आकडेही जवळपास असेच होते. नुसत्या उपदेशाने हे साधत नाही. सोबत कोणी बूट घालून दारात उभे असेल तर साधते.

पण यात एक गोम आहे. नवरा धावून येतो, आंघोळ करतो आणि चहा मागतो. बायको धावून येते आणि चुलीपुढे उभी राहते. मुलांचे डबे, दूध काढणे, डेअरीला दूध पाठवणे यांतले काहीच कमी झालेले नसते. अशी दौड तिच्यासाठी व्यायाम नसून वाढीव काम ठरते. जोडीने धावायचे तर त्यानंतरचे घरकामही जोडीने करावे लागेल.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. ‘मला दम लागतो, माझ्याने होत नाही,’ असे बाई म्हणते तेव्हा तो आळस समजू नये. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो आणि हृदयाला जास्त वेगाने पळावे लागते. सराव सुरू करण्याआधी ही तपासणी करून, गरज असेल तर लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून मग अंतर वाढवावे. नवऱ्याच्या वेगाशी बरोबरी करण्याचा तर प्रश्नच नाही. वेग ठरवण्याची सोपी खूण अशी: धावताना शेजारच्याशी सलग एक-दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. गप्पा मारत धावणारे मित्र एकमेकांचे हृदय नकळत सांभाळत असतात.

छातीतली धडधड: आकडे काय सांगतात

धावताना कोणी कोसळले की ती बातमी होते आणि मग ‘व्यायामाने माणूस मरतो’ अशी चर्चा सुरू होते. २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ६४ वर्षांच्या एका धावपटूचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये साताऱ्याच्या स्पर्धेत कोल्हापूरचा एक तरुण गेला. २०२४ मध्ये मुंबईत दोन जण गेले. प्रत्येक मृत्यू त्या घरासाठी आभाळ कोसळण्यासारखाच असतो. तरीही धोका किती, हे मोजूनच बोलले पाहिजे.

अमेरिकेत या विषयावर दोन मोठे अभ्यास झाले. दुसरा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० ते २०२३ या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटूंचा त्यात विचार झाला. या काळात १७६ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले. म्हणजे साधारण पावणेदोन लाखांत एक. हाफ मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या निम्म्याहून कमी होते. पुरुषांत ते स्त्रियांच्या पाच पटींहून अधिक होते. जिथे कारण कळले तिथे सर्वाधिक वेळा ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेली चरबी हेच निघाले, म्हणजे ज्या आजाराने घरात बसलेली माणसेही जातात तोच.

यातला सर्वांत शिकण्यासारखा आकडा वेगळा आहे. २००० ते २०१० या काळातील पहिल्या अभ्यासात हृदय बंद पडलेल्यांपैकी ७१ टक्के दगावले होते. दुसऱ्या अभ्यासात ३४ टक्के. हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, मृत्यू मात्र निम्म्यावर आले. धावपटूंची हृदये काही सुधारली नव्हती. शेजारी धावणाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली, आणि विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा सुरू करणारे डिफिब्रिलेटर यंत्र लवकर पोहोचले, हा त्यातला फरक होता.

अमेरिकेतील मोठ्या शर्यतींचे हे आकडे जुन्नर-आंबेगावला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात, आणि अनेकांना आपल्याला रक्तदाब आहे हेच ठाऊक नसते. पण धडा तोच राहतो, किंबहुना इथे तो जास्त लागू पडतो.

पहिली चार मिनिटे कोणाची?

हृदय थांबल्यावर तीन-चार मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. काहीच केले नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. धावणारा आपटाळ्याच्या पुढे किंवा डिंभे धरणाच्या बाजूला रस्त्यावर आहे. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालये आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्यात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण जगातली कोणतीही रुग्णवाहिका डोंगरातल्या रस्त्यावर चार मिनिटांत पोहोचेल अशी अपेक्षा धरता येत नाही. ती चार मिनिटे सोबत धावणाऱ्याची असतात. बायकोची, नवऱ्याची, मित्राची.

म्हणून जोडीने आणि मित्रांसोबत धावणे हा या भागात केवळ हौसेचा भाग नाही. ती पहिली सुरक्षा आहे. मात्र सोबत्याला काय करायचे ते येत असेल तरच.

धावणारा अचानक कोसळला, हाक मारून, खांदा हलवून उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय बंद पडले असे समजावे. इथे एक घोटाळा हमखास होतो. हृदय थांबल्यावर सुरुवातीला काही वेळा हातपाय झटके देतात, तोंडाने घरघर, आचके येतात. लोकांना वाटते फिट आली. मग कांदा फोडला जातो, चप्पल नाकाशी धरली जाते, तोंडात पाणी ओतले जाते, आणि ती मोलाची मिनिटे जातात. आचके म्हणजे श्वास नव्हे.

अशा वेळी एकाने १०८ ला फोन लावावा, फोन स्पीकरवर ठेवावा. दुसऱ्याने माणसाला पाठीवर सपाट झोपवून छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा टेकवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवावीत आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसते दाबत राहिले तरी चालते. दोन मिनिटांनी माणूस दमतो, तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यावी. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये. बरगडी मोडेल, ही भीती मनात आणू नये. मोडलेली बरगडी जुळते.

पुरुष कोसळण्याची शक्यता जास्त, म्हणून हे कौशल्य सर्वांत आधी बायकांनी शिकायला हवे. उलट बाजूही आहे. बाई कोसळली तर परका पुरुष तिच्या छातीला हात लावायला कचरतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या ४५ टक्के पुरुषांना लोकांनी छाती दाबून मदत केली होती, स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांनाच. म्हणून नवऱ्याने आणि मैत्रिणींनी ते शिकलेच पाहिजे. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात ते येते, आणि दर वर्षी एकदा उजळणी केली की पुरते.

आधी तपासणी, मग नावनोंदणी

कोसळण्याची वेळ येऊ नये यासाठी शरीर आधी सूचना देत असते. चढावर छातीत दाब वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, नेहमीच्या अंतरालाही दम लागणे, धावताना चक्कर येणे, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेले असणे. यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरला दाखवावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन धावायला जाऊ नये. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ईसीजी ठीक आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे होत नाही. ज्यांना लक्षणे किंवा धोके आहेत त्यांना डॉक्टर पट्ट्यावर चालवून ताणतपासणी करायला सांगतील. सरसकट प्रत्येकाला महागड्या तपासण्यांची गरज नसते. तिशीपुढील सर्वांसाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत मोफत होते. तिथून सुरुवात करावी.

औषधे चालू असतील तर आणखी दक्षता हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर लांबच्या धावेत एकदम उतरू शकते. खिशात गूळ किंवा ग्लुकोज असावे, आणि ते कुठे आहे हे सोबत्याला माहीत असावे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, तेव्हा घड्याळावरचे ठोके पाहून वेग ठरवणे फसवे ठरते. गोळ्या मनाने बंद करू नयेत. आणि एक सवय तर सर्वांनीच सोडावी: धावण्याआधी ‘पाय दुखू नयेत म्हणून’ घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन. घामाने शरीर कोरडे पडत असताना ही गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते.

पाण्याबाबतही टोकाच्या समजुती आहेत. अजिबात न पिणे वाईट आणि प्रत्येक टेबलापाशी दोन ग्लास ढोसणेही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी झालेले होते. ज्यांनी धावताना वजन वाढेल इतके पाणी प्यायले त्यांच्यात हे विशेष दिसले. तहान लागली की प्यावे. दोन तासांहून जास्त वेळ लागणार असेल तर थोडे मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस बरे. उन्हात धावताना कोणी बरळू लागला, धडपडू लागला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात असतो. तेव्हा आधी थंड करायचे आणि मग हलवायचे. शेतातला हौद, मोटारीचे पाणी, ओल्या चादरी, जे जवळ असेल ते.

सरावात अंतर किती वाढवायचे? पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या २०२५ च्या अभ्यासात असे दिसले की, गेल्या ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी १० टक्क्यांहून जास्त अंतर धावले की दुखापती वाढतात, आणि दुपटीहून जास्त धावले की दुखापतीचा धोकाही दुपटीहून वाढतो. म्हणजे आठ किलोमीटरची सवय असलेल्याने मित्रांच्या आग्रहाने रविवारी सोळा किलोमीटर धावू नये. दुखापती बहुतेक वेळा मित्रांच्या ‘चल रे, होतंय’ मधूनच येतात. सोबतीचा हा तोटाही मान्य केला पाहिजे.

पहाट कोणाची?

आता या दोन तालुक्यांचा खास प्रश्न. धावण्याची पुस्तके सांगतात, पहाटे उठा. पण जुन्नर वनविभागात पहाट आणि संध्याकाळ बिबट्याची असते. ऊस हे त्याचे घर झाले आहे, आणि ऊसतोड सुरू झाली की ते घर मोडते. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र राज्याला परिचित आहे. विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट हल्ले वाढतात, हे याच जुन्नरच्या अनुभवातून दाखवले. तरी प्रश्न तीव्रच आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सुमारे वीस दिवसांत तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुले होती. संतप्त लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. ज्या गावांत मुले अंगणात खेळू शकत नाहीत, तिथे अंधारात एकट्याने धावणे हे धाडस म्हणायचे की अविचार?

त्यात रस्त्याचा धोका वेगळा. धावण्याचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, धुके, डोळ्यांवर येणारे प्रखर दिवे. कानात गाणी लावून महामार्गाच्या कडेने धावणाऱ्याला ना वाहन ऐकू येते ना शेतातली सळसळ.

उपाय कठीण नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि नऊपर्यंत हवा थंडच असते. उष्माघाताची भीती नसताना पाच वाजता निघण्याचे वैद्यकीय कारणच उरत नाही. साडेसात ते नऊ ही वेळ हृदयालाही मानवते आणि बिबट्यालाही. एप्रिल-मेमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, तेव्हा उजाडताच निघावे. चौघा-पाचांनी बोलत, उसाच्या फडापासून दूर, उघड्या रस्त्याने धावावे. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे. बिबट्या दिसलाच तर धावपटूने करायची एकच गोष्ट आहे: धावणे थांबवणे. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभाव आहे. खाली वाकू नये, पाठ दाखवू नये. हात वर करून मोठ्याने आवाज करत, एकमेकांजवळ येऊन हळूहळू मागे सरकावे.

पण साडेसात ते नऊ हीच शाळेची, दुधाची आणि डब्यांची वेळ. इथे प्रश्न पुन्हा घरातल्या वाटणीवर येतो. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून तीन दिवस पुरतात, लांबची धाव रविवारी. शाळा-महाविद्यालयांची मैदाने दिवसाउजेडी गावकऱ्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी खुली ठेवली तर निम्मा प्रश्न सुटेल. मैदानाच्या फेऱ्या मारणे कंटाळवाणे असते, पण तिथे ट्रॉलीही येत नाही आणि बिबट्याही.

स्पर्धा भरवणाऱ्यांवर तर जबाबदारी अधिक आहे. टी-शर्ट, पदक आणि डीजे यांवर जितका खर्च होतो त्यातून मार्गावर दोन डिफिब्रिलेटर आणि ते वापरता येणारे स्वयंसेवक सहज उभे राहतात. परवानगी देताना स्थानिक प्रशासनाने वैद्यकीय आराखडा मागायला हवा: रुग्णवाहिका कुठे, कोणते रुग्णालय तयार, कोणत्या किलोमीटरला कोण. ती यंत्रे आणि ती शिकलेली माणसे स्पर्धेनंतरही तालुक्यातच राहतात. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या, शिवनेरीचे सात दरवाजे, भीमाशंकरचा उतार-चढ. दर वर्षी लाखो मध्यमवयीन आणि वृद्ध हृदये तिथे दमतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या गर्दीत शिवनेरी चढणारे सगळेच काही सराव केलेले धावपटू नसतात. छाती दाबता येणारी शंभर माणसे तालुक्यात असतील तर त्याचा उपयोग वर्षातल्या सगळ्याच दिवशी होईल.

म्हणून हाफ मॅरेथॉनचा विचार मनात असेल त्यांनी क्रम बदलावा. पहिल्या आठवड्यात दोघांनीही रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दुसऱ्या आठवड्यात मित्रमंडळींनी मिळून छाती दाबण्याचे प्रशिक्षण घ्यावे. तिसऱ्या आठवड्यापासून, उजाडल्यावर, वीस मिनिटे भरभर चालण्याने सुरुवात करावी. बूट विकत घ्यायला आणि नावनोंदणी करायला त्यानंतरही भरपूर वेळ असतो.